पट्टीच्या मागचं नाव

फोटोबाईंचा भुताखेतांवर काडीइतका विश्वास नव्हता. असणार तरी कसा? एकतीस वर्षं त्यांनी माणसं आतून पाहिली होती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, मागच्या जिन्याखाली त्यांची एक्स-रेची खोली. लोक चिठ्ठी घेऊन यायचे आणि "फोटो काढायला सांगितलाय" म्हणायचे, म्हणून बाईंचं नाव फोटोबाई पडलं, आणि ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. "हनुवटी इथं टेकवा. खांदे पुढे. श्वास घ्या. धरा. आता सोडा." हे त्या दिवसातून ऐंशी वेळा म्हणत. लेकीची तक्रार होती की आई फोनसुद्धा "सोडा" म्हणूनच ठेवते.

अशा नाकासमोर चालणाऱ्या बाईला नाद लागावा तर कशाचा? कांद्यांचा. खायच्या नव्हे. आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकाला म्हणे नुसता खडक आणि माती, पाऊस चारच महिने, आणि त्या मातीत फुलांचे कंद झोपलेले असतात. तसे एकशे चाळीस कंद बाईंच्या गॅलरीत कुंड्यांतून होते. या जातीची तऱ्हाच न्यारी. अर्धं वर्ष पानं, मग पानं पिवळी पडतात, वाळतात, गळून जातात, आणि कुंडीत काही म्हणजे काही दिसत नाही. त्या महिन्यांत पाण्याचा थेंब घालायचा नाही. दया आली, चमचाभर पाणी घातलं, की कंद आतून कुजलाच. जिवंत आहे की मेला, हे कळायला एकच मार्ग, माती बाजूला सारून अंगठ्यानं दाबून बघायचं. घट्ट लागला तर आहे. अंगठा आत गेला तर नाही.

त्यामुळे वर्षातले पाच महिने गॅलरीत नुसती कोरडी माती आणि प्रत्येक कुंडीत खोचलेली एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, एवढाच देखावा. पेपरवाल्यानं एकदा भीतभीत विचारलं होतं, "बाई, इथं कुणाकुणाला पुरलंय?"

"अजून जागा आहे, येतोस का?" बाई म्हणाल्या. तेव्हापासून तो पेपर जिन्यातूनच फेकायचा.

कंदवाल्यांचं एक मंडळ होतं. अकरा डोकी, महिन्यातून एकदा एका शिंप्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमायची, आणि तीन तास मातीत वाळू किती घालावी यावर भांडायची. या मंडळाचा एक नियम मात्र फार कडक होता. पट्टीवर पेन्सिलनंच लिहायचं, कारण शाई दोन उन्हाळ्यांत उडते आणि पेन्सिल राहते. समोरच्या बाजूला झाडाचं नाव, मालकाचं नाव, कुणाकडून मिळालं आणि तारीख. आणि मागच्या बाजूला एकच नाव. माझ्यानंतर कोण. हे कंद माणसापेक्षा जास्त जगतात, काही तर शंभरी ओलांडतात. घरच्यांना त्यांची किंमत नसते, माणूस गेला की आठ दिवसांत कुंड्या कचऱ्यात. म्हणून हा नियम. मागचं नाव कोरं असलेली कुंडी दिसली तर शिंपी मंडळात चारचौघांत पाणउतारा करायचा. "घराचं राहू दे, आधी कांद्याचं मृत्युपत्र कर," म्हणायचा.

फोटोबाई पट्टी घेतली की दोन्ही बाजू एका दमात भरून टाकत. मरणाची त्यांना भीती नव्हती. मरण म्हणजे काय, तर फोटोत दिसणारा एक डाग. तो कधीतरी कुणाच्याही फोटोत दिसतोच.

मग पंख्या त्यांच्या घरी आला.

पंख्या हे मंडळानं ठेवलेलं नाव. दोन मुठींएवढा कंद, अर्धा मातीच्या वर, अंगावर जळक्या कागदासारखे पापुद्रे. त्याची पानं दोन्ही बाजूंना एकाच रेषेत उघडतात, हातपंख्यासारखी. अंगात विष, पान तोडलं तर हात धुवावे लागतात. आणि फुलायला वीस-तीस वर्षं लागतात. हा पंख्या चाळीस वर्षांचा होता आणि अजून एकदाही फुलला नव्हता. कुंडीच्या काठाला त्याच्या जुन्या मालकांच्या पट्ट्या ओळीनं खोचलेल्या होत्या, कारण जुनी पट्टी टाकायची नाही हाही नियमच. पहिला पोस्टातला कारकून, त्यानं बी पेरलं होतं. मग गाणं शिकवणाऱ्या बाई. मग दातांचा डॉक्टर, मग त्याची थोरली बहीण. पाचवे नकाशेवाले.

मंडळात या कांद्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण चहाच्या वेळी निघायचंच. कळी दिसली की मालक जातो. पोस्टाचा कारकून कळी दाखवायला म्हणून मंडळींना बोलावून गेला, आणि मंडळी पोचली तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. बाकीच्यांचंही तसंच. कळी सगळ्यांनी पाहिली, फूल कुणीच नाही.

फोटोबाई यावर हसायच्या. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला. अहो, जे झाड तीस वर्षांनी फुलतं ते मिळतं कुणाला? साठी उलटलेल्याला. म्हातारी माणसं मरतात, त्यात कांद्याचा काय दोष? आणि माणूस गेला की कुंडी हलवता, म्हणून कळी वाळते."

नकाशेवाले तेव्हा बाईंकडे बघून मान हलवायचे. सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेले, हळू आवाजाचे गृहस्थ. बाईंना या नादात त्यांनीच ओढलं, मातीत हात घालायला शिकवलं. अठरा वर्षांची ओळख. एके दिवशी तेही गेले, सकाळी दाढी करता करता. पट्टीच्या मागं नाव होतं फोटोबाईंचं.

कुंडी आणायला बाई गेल्या तेव्हा नकाशेवाल्यांच्या पत्नीनं ती उशीच्या अभ्र्यानं झाकून दाराबाहेर ठेवलेली होती.

"वहिनी, अहो आत तरी येऊ द्या," बाई म्हणाल्या.

"नंतर या. आधी हे घेऊन जा. आजच." मग दार लोटता लोटता त्या म्हणाल्या, "कळी आली होती त्यांना. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

घरी आणून बाईंनी अभ्रा काढला. कंदाच्या कुशीतून लालसर जिभेसारखी कळी डोकावत होती. आठ दिवसांत ती वाळली, बाईंनी आधीच सांगितलं होतं तशी. त्यांनी नवी पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक काढलं, समोरची बाजू लिहिली. मग पट्टी उलटी केली, आणि पेन्सिल तशीच धरून बसल्या.

लेक पाठीमागून बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची. आई माणसाच्या आत बघते, मी बाहेर, असं म्हणायची. दोघीच होत्या घरात, बाप केव्हाच दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसला होता.

"लिही की," लेक म्हणाली.

"कुणाचं लिहू?"

"माझं लिहितेस ना सगळ्यांवर?"

"बघू," म्हणून बाईंनी पट्टी कोरीच खोचली. एकशे चाळीस कुंड्यांपैकी तेवढी एकच.

मन कसं असतं बघा. विश्वास नाही म्हणायचं, आणि नाव मात्र लिहायचं नाही. बाईंना स्वतःचाच राग आला. हे खूळ डोक्यातून काढायचं तर एकच उपाय त्यांना माहीत होता, आत बघायचं. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा असताना, त्या पंख्याला पिशवीतून हॉस्पिटलात घेऊन गेल्या. कंद जिवंत आहे का बघायला त्यांनी असे फोटो पूर्वीही काढले होते. मनगटाच्या फोटोला लागतो तेवढाच किरणांचा मारा पुरतो. पण मशीनला पेशंटचं नाव लागतं, त्याशिवाय ते हलत नाही. एरवी बाई "चाचणी" असं टाकायच्या. त्या दिवशी बोटं आपोआप चालली, आणि प्रिंट हातात आली तेव्हा कोपऱ्यात त्यांचंच नाव होतं, वय त्रेपन्न.

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. कंद आतून सुरेख दिसत होता, पापुद्र्यावर पापुद्रा, राखाडी आणि पांढरा. पण पापुद्र्यांच्या मधे काही तरी दाबून बसलं होतं. चपटं, वाळलेलं, देठासकट. एक इथं, जरा आत दुसरं, त्याच्याही आत तिसरं. न उघडलेल्या कळ्या. कांदा वाढत गेला आणि मेलेल्या कळ्या पोटातच राहिल्या. बाईंनी पेन्सिलच्या टोकानं मोजल्या. पाच.

यातही नवल काही नाही, त्या स्वतःशी म्हणाल्या. पाच वेळा कुंडी हलली, पाच कळ्या वाळल्या. तरी त्यांनी पुन्हा एकदा मोजल्या.

प्रकाशाची पेटी चालूच होती, म्हणून त्यांनी नकाशेवाल्यांची पट्टी तिच्यावर तिरकी धरली. उगीच. मागच्या बाजूला "फोटोबाई" असं त्यांचं सुबक अक्षर. आणि त्या अक्षराखाली, खोडलेल्या जागी, पेन्सिल दाबून उठलेला एक चर. इतकी वर्षं सावल्या वाचलेल्या डोळ्यांना तो लागायला वेळ लागला नाही. नकाशेवाल्यांच्या मुलाचं नाव होतं ते. आधी मुलाचं लिहिलं होतं. मग कळी आली असेल, मग खोडलं असेल, आणि बाईंचं लिहिलं.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अठरा वर्षांच्या मैत्रीला हे फळ. बाईंना फार वाईट वाटलं, मग संताप आला, आणि संताप ओसरल्यावर खरी भीती वाटली. कारण एवढा शहाणा, तोलामापाचा माणूस. तो खोडरबर घेऊन बसला, म्हणजे त्याला ते खरं वाटलं होतं.

प्रिंट त्यांनी कपाटातल्या कागदांच्या खाली सरकवली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मंडळात विचारलं तर म्हणायच्या, "पंख्या मजेत आहे."

चार वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. पंख्या दर वर्षी पानांचा पंखा उघडायचा, मिटायचा, झोपायचा. एक गोष्ट मात्र बाईंनी कुणाला सांगितली नाही. पानांचा पंखा कुंडीत आडवा असतो, एकाच रेषेत. त्यांनी तो भिंतीला समांतर ठेवला होता, पण दर वर्षी नवी जोडी किंचित वळून यायची. चौथ्या वर्षी तो सरळ त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून उघडला. उजेडाकडे वळत असेल. उजेड मात्र दुसऱ्या बाजूला होता.

मग कोरड्या महिन्यांच्या शेवटी, एका सकाळी, कंदाच्या कुशीत लालसर जीभ दिसली.

बाईंनी लेकीला सांगितलं नाही. त्यांनी कपाट आवरायला काढलं. किल्ल्या कुठं असतात, गॅसची नोंदणी कुणाच्या नावावर आहे, हे जेवताना सहज बोलल्यासारखं सांगू लागल्या. लेक "हं, हं" करत ऐकत राहिली. जिना चढताना बाईंना दम लागू लागला. पूर्वीही लागत असेल, पण आता त्या पायरीपायरीवर थांबून स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायच्या. फोटो काढून घेणं त्यांच्यासाठी काही अवघड नव्हतं, जुन्या खोलीत जाऊन उभं राहायचं एवढंच. पण दुसऱ्यांना एकतीस वर्षं त्या मशीनसमोर उभं केलेल्या बाई स्वतः उभ्या राहायला तयार नव्हत्या.

एके दुपारी त्या स्वयंपाकघरातली धारदार सुरी घेऊन गॅलरीत गेल्या. कळी छाटली तर कंद मरत नाही. विषय संपला. सुरी दांड्याला लावली, आणि हात पुढे जाईना. चाळीसच्या वर वर्षं झाली होती. पाच माणसांनी वाट बघितली होती, पाच कळ्या पोटात घेऊन ते झाड सहावी वर काढत होतं. कंदवाल्याच्या हातून हे होत नाही. शिवाय छाटली, तर आपण त्या चहाच्या वेळच्या गप्पांवर विश्वास ठेवला असं होतं. सुरी धुऊन त्यांनी जागेवर ठेवली. पट्टीच्या मागं मात्र कुणाचंही नाव येणार नाही, एवढं त्यांनी ठरवलं. हे माझ्यापाशी संपेल. मी गेले की कुंडी कचऱ्यात जाऊ दे, पण लेकीच्या हातात नको.

दांडा रोज जरा जरा वाढायचा. बाई रोज सकाळी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायच्या. नजर कळीवरून हलायची नाही. आजूबाजूच्या कुंड्या, पट्ट्या, माती, काही दिसायचं नाही. नवव्या दिवशी कळीचं आवरण ताणलं. दहाव्या दिवशी त्या उठल्या, तर गॅलरीच्या दाराशीच वास आला. गोड, जड, पुष्कळ दिवस बंद असलेली खोली उघडावी तसा.

पंख्या फुलला होता. एका आखूड दांड्यावर शे-दीडशे गुलाबी फुलं, चेंडूसारखी गोल, खाली एक पान नाही. बाई बघतच राहिल्या. या पंख्याचं फूल पाहणाऱ्या त्या पहिल्याच. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय. त्यांनी तो सोडला. पुन्हा घेतला. छातीत काही दुखत नव्हतं.

लेक चहाचे दोन कप घेऊन आली आणि शेजारी बसली.

"उघडलं गं!" बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "बघ, उघडलं, आणि मी आहे. काही झालं नाही मला. मूर्ख आहोत आम्ही सगळे. मूर्ख!"

"तुला होणारच नव्हतं," लेक म्हणाली. "तुझा कुठं राहिलाय तो?"

"म्हणजे?"

"पट्टी बघ की."

बाईंनी खाली पाहिलं. काठाला जुन्या पट्ट्यांची ओळ होती. पाच नव्हत्या, सहा होत्या. सहावी त्यांची. आणि कंदाशेजारी एक नवी पट्टी, लेकीच्या टपोऱ्या अक्षरात. मालक म्हणून लेकीचं नाव. कुणाकडून मिळालं, तर "आई". तारीख बारा दिवसांपूर्वीची.

"कळी तुझ्या आधी मला दिसली," लेक म्हणाली. "नंबर काढते मी दिवसभर, मला एवढंसं दिसत नाही होय? तू कपाट आवरायच्या चार वर्षं आधी मी आवरलं होतं. तुझ्या नावाची प्रिंट सापडली. तुझं नाव, तुझं वय, आणि आत ते पाच काळे चपटे डाग. एक अख्खा दिवस मला वाटलं, तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतेस. दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर दिले मी. मग देठ दिसला आणि कळलं, की हा कांदा आहे. पण तो एक दिवस मला पुन्हा नकोय, आई. म्हणून कळी दिसल्या दिवशी पट्टी बदलून टाकली. तुमचाच नियम ना, पट्टीवर नाव त्याची कुंडी?"

बाईंनी पट्टी उपटली आणि उलटी केली. लेक नियमाला पक्की निघाली होती. माझ्यानंतर कोण, तिथं लिहिलं होतं, "आई".

"खोडरबर आण," बाई म्हणाल्या.

"अगं, तूच म्हणतेस ना, कावळा बसायला आणि..."

"खोडरबर आण म्हणते ना!"

लेक हसली. कप उचलून उभी राहिली, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून क्षणभर थांबली. "डोकं दुखतंय जरा. या वासानं असेल. पडते पाच मिनिटं."

वासानंच असणार. या फुलाच्या वासानं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, हे कंदवाल्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशेवाल्यांनीच सांगितलं होतं त्यांना, पहिल्या वर्षी, फूल न पाहताच. बाईंना हे सगळं माहीत होतं. त्यांनी कुंडी उचलून गॅलरीच्या पार टोकाला नेली, दार लावून घेतलं, खिडकी उघडली. टेबलाच्या खणात खोडरबर सापडला. पुढच्या बाजूचं लेकीचं नाव त्यांनी घासून काढलं, त्याच्यावर स्वतःचं लिहिलं, दाबून. मग पट्टी उजेडाकडे तिरकी धरली. खालचा चर दिसत होता.

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या लेकीच्या खोलीच्या दारात गेल्या. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पाठीवर सकाळचं ऊन. बाईंना दारातून तिची पाठ तेवढी दिसत होती. पट्टी मुठीत धरून त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि एकतीस वर्षं परक्या माणसांना सांगितलेलं हलक्या आवाजात तिला सांगू लागल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "धरू नकोस, बाळ. सोड. आता घे."